आत्याबाई आणि समुद्राकडचं चिऱ्याचं घर

निघायच्या आधी

समुद्र बघून आल्यापासून गल्लीतल्या बायका येता-जाता विचारतात, "कसा हाय गं समुद्र? खरंच पलीकडचा काठ दिसत न्हाय?" उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून बसून लिहायला घेतलं. माझी शाळा सातवीला सुटली. थोरल्या बहिणीचं लग्न झालं आणि मेंढरांमागं जायला घरात दुसरं कुणी उरलं नाही. त्यामुळं जसं बोलते तसंच इथं लिहिलंय.

माझं माहेर मुरुम, सासर सास्तूर. सासरीही मेंढरंच. मेंढरं असलेल्या घराला सुट्टी नसते. नवरा-बायको मिळून एका लग्नालासुद्धा आम्ही कधी गेलो नाही. एकानं जायचं, एकानं कळपामागं राहायचं. सासूबाईंचे, म्हणजे आमच्या आत्याबाईंचे, गुडघे गेल्यावर यंदा दिवाळीनंतर सगळा कळप चुलत दिरांच्या मेंढवाड्यात गेला. मग आली वेळअमावास्या, आमच्याकडं शेतात जाऊन जेवायचा सण. शेतात कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली होती, भज्जी-भाकरी आणि आंबील पोटभर झाली होती, आणि आत्याबाई एकदम म्हणाल्या, "आता कुणाला पाणी पाजायचं न्हाय, कुणाला कोंडायचं न्हाय. मला समुद्र दावा."

आमचे हे लोहाऱ्याला एका कचेरीत शिपाई आहेत. हे म्हणाले, "सुट्टी मी काढतो. बेत तू कर."

बेत मी केला! मला गावच्या बाजाराला जायचं म्हटलं तरी मी आदल्या दिवसापासून पिशवी बांधते नि सोडते. पण म्हटलं, आत्याबाईंसाठी करायचंच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. सगळा जन्म माळावर गेलेला. आत्याबाई महिनाभर पहाटे उठून माझ्या वाटणीच्या भाकरी करून ठेवायच्या आणि घरात सांगायच्या, "सूनबाईनं केल्या." ते मी कधी विसरणार नाही.

विजयदुर्गाजवळच्या एका वाडीत राहायची सोय करणारं घर एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं. समुद्र, रान, किल्ला, सगळं तिथून चालत जाण्याजोगं. मी वहीत प्रश्न लिहून काढले आणि घरमालकीण काकींना फोन लावला. पाणी गोडं आहे का? विहिरीला कठडा आहे का? संडास खाली बसायचा का खुर्चीचा? रात्री साप निघतात का? ज्वारीचं पीठ मिळतं का? काकी हसून हसून उत्तरं देत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, तुम्ही या तर आधी. उरलेलं इथं बघू."

फोटोही मागवला. पांढरं-निळं रंगवलेलं छान घर, दारात तुळस. मला पसंत पडलं.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं भूकंप झाला तेव्हा आत्याबाईंचं राहतं घर पडलं. त्यात त्यांची सासू गेली आणि धाकटी लेक शकू गेली, तीन वर्षांची. ह्यांना शेजाऱ्यांनी ओढून काढलं. पुढं नवीन गाव बसलं, रुंद रस्ते झाले, पक्की घरं मिळाली. आत्याबाई त्या घरात स्वयंपाक करतात, देव पूजतात, पाहुण्याला बसवतात. पाठ मात्र टेकत नाहीत. अंगणात पत्र्याचं शेड आहे, त्यात निजतात. तीस वर्षं झाली. आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटत नाही, अशी बरीच माणसं होती. पण दोन हिवाळे झाले, आत्याबाईंचा खोकला हटत नाही. डॉक्टर म्हणाले, "आजीला आत उबेला निजवा." ह्यांनी हातापाया पडून बघितलं. "तू नीज की आत, मी कुठं नगं म्हणतेय?" एवढंच उत्तर.

म्हणून माझ्या बेतात एक लबाडी होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. परक्या गावात पत्र्याचं शेड कुठून मिळणार? तीन रात्री परक्या घरात आत निजल्या की सवय लागेल, आणि घरी आल्यावर तीच सवय पुढं चालेल.

सगळं विचारलं होतं मी. भिंती कशाच्या, तेवढं विचारायचं राहिलं.

पहिला दिवस

कोल्हापूर सोडून गाडी घाट उतरायला लागली आणि आत्याबाईंनी खिडकीची दांडी घट्ट धरली. भीतीनं नाही. इतकी झाडं त्यांनी कधी बघितली नव्हती. आमच्याकडं बालाघाटाच्या माळावर एक बोर दिसली तरी तिला नाव असतं. इथं एकात एक गुंतलेलं रान, खाली जमीनच दिसत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "ह्यात मेंढरू शिरलं तर साल-दोन सालानं निघंल."

वाडीत पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. काकी फाटकात उभ्या. "येवा, येवा. दमलात ना?" हातात पाण्याचा तांब्या, सोबत गूळ. परक्या मुलखात कुणी असं पाणी पुढं केलं की मला भरून येतं, काय करू.

घराचं तोंड फोटोतल्यासारखंच होतं, पांढरं-निळं. पण बाजूनं वळून हातपाय धुवायला गेलो आणि तिथं रंग संपला. उघड्या भिंती. लाल, भोकाभोकांचा दगड, एकेक लहान पेटीएवढा, एकावर एक रचलेला. त्याला तिकडं चिरा म्हणतात, जमिनीतूनच कापून काढतात. मी मागं बघितलं. आत्याबाई तिथंच थांबल्या होत्या.

"सुमे, हे दगडाचं हाय."

"व्हय, आत्याबाई. पण बगा, किती जुनं हाय. काकींच्या आजेसासऱ्यानं बांधलंय."

"आमचंबी जुनंच हुतं."

हे म्हणाले, "माय, हितं भूकंप न्हाय होत."

"आपल्याकडं तरी कुठं होत हुता?" आत्याबाई म्हणाल्या आणि पुढच्या पडवीत जाऊन बसल्या. पडवी म्हणजे घरापुढचा सोपा. वर कौलांचं उतरतं छप्पर, बाजू मोकळ्या. "म्या हितं निजंन."

माझं तोंड एवढंएवढं झालं. काकींना वाईट वाटेल म्हणून मी घाईघाईनं भूकंपाचं सांगितलं. त्यांनी आतून जाड गोधडी आणली, पडवीच्या खांबाला मच्छरदाणी बांधली आणि म्हणाल्या, "मी नवी नवरी होते तेव्हा उन्हाळाभर इथंच निजायचे. वारा छान लागतो, आजी."

जेवायला सुरमई होती. मटण आमच्या घरात चालतं, पण समुद्राचा मासा कुणी खाल्लेला नाही. आत्याबाईंनी पहिला घास तोंडात फिरवला, काटा बाहेर काढला आणि दिव्याकडं धरून बघितला. "ह्याला हाडं हायत का सुया?" काकींचे यजमान, म्हणजे काका, हसून ताटावर वाकले. सोलकढी मात्र आत्याबाईंना पटली. तीन वाट्या प्यायल्या. "आपली आंबीलच हाय, नुसती गुलाबी लुगडं नेसलीय."

घरून आठ दिवस पुरतील एवढ्या कडक भाकरी मी बांधून नेल्या होत्या. आमच्याकडं त्या महिनाभर कुरकुरीत राहतात. तिथं डबा उघडला तर समुद्राच्या हवेनं सगळ्या मऊ पडून एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या! काकींच्या म्हशीनं त्या आनंदानं खाल्ल्या.

दुसरा दिवस

समुद्र. आता काय लिहू? मला वाटलं होतं निळा असेल. सकाळी तो राखाडी होता, मेंढीच्या लोकरीसारखा. मी आणि हे चपला हातात घेऊन पाण्यात गेलो. आत्याबाई वाळूवर उभ्या राहून लाटा येताना बघत होत्या. एकीमागं एक, एकीमागं एक. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ह्यास्नी मागून हाकलतंय कोण?"

मग ओंजळभर पाणी घेऊन चाखलं आणि थुंकल्या. "एवढा पसारा, आन् एका कोकराला पाजायला थेंब न्हाय."

तिथून आम्ही किल्ल्याला गेलो. मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं की आत्याबाई बाहेर बसतील, हे आणि मी आळीपाळीनं आत जाऊ. किल्ला म्हणजे सगळा दगडच दगड. एकात एक तीन तट, भिंती एवढ्या रुंद की वरून बैलगाडी जाईल. समुद्र पायथ्याशी आपटतोय आणि किल्ल्याला त्याचं काही नाही. काका बरोबर होते. कोण राज्यकर्ते, कुठली लढाई, गलबतं कुठं लागायची, सगळं सांगत होते. आरमाराचे कारागीर खाडीत गलबतं दुरुस्त करायचे ती जागाही त्यांनी बोटानं दाखवली. शाळेत इतिहासाच्या तासाला मी कायम गैरहजर. कुणी एवढं समजावून सांगतंय, तेही फुकट, याचंच मला अप्रूप वाटत होतं.

दरवाज्यापाशी मी म्हटलं, "आत्याबाई, तुमी ह्या झाडाखाली बसा."

"का? म्या नगं का बघायला?"

पदर डोक्यावर दाबून त्या दरवाज्याखालून अशा भरभर गेल्या की गुडघे दुखतात हे त्यांना आठवलं नसावं. पलीकडं मोकळ्यात गेल्यावर थांबल्या, मान वर केली, श्वास सोडला आणि नेहमीसारख्या फिरायला लागल्या. तटाला हात लावला. चिऱ्याच्या भोकात बोट घालून बघितलं. काकांना विचारलं, "ह्यात चुना घातलाय का माती?" एका बुरुजाला टेकून तर बसल्यासुद्धा.

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. कालची बाई आणि आजची बाई एकच का?

पुढं एक जुनं कोठार लागलं, छत शाबूत असलेलं. आत गार होतं, आम्ही सगळे शिरलो. आत्याबाई उंबऱ्यापाशीच राहिल्या. आत बघत नव्हत्या. वर बघत होत्या. छताची जाडी डोळ्यानं मोजत असल्यासारखी त्यांची नजर कडेकडेनं फिरत होती. "चला भाइर," एवढंच म्हणाल्या. मला ते विचित्र वाटलं. पण काय विचित्र वाटलं, ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

तिसरा दिवस

सकाळी काका आम्हाला देवराईत घेऊन गेले. गावाच्या देवाचं रान. तिथं कुणी कुऱ्हाड नेत नाही, पडलेलं लाकूडसुद्धा घरी आणत नाही. आत पाऊल टाकलं की ऊन मागं राहतं. दोघांच्या कवेत मावणार नाहीत असली खोडं, त्यांना मांडीएवढ्या जाड वेली लटकलेल्या. पायाखाली पालापाचोळा मऊ. एक पाखरू कुठंतरी दारावर टकटक केल्यासारखं ओरडत होतं.

काका पुढं चाललेले. माझ्या मागं कट्‌ असा आवाज आला. वळून बघितलं तर आत्याबाईंच्या हातात हिरवीगार डहाळी!

त्यांच्याकडून चूक झाली ती अशी की जन्मभर मेंढरांमागं चालणारी बाई हिरवा पाला हाताशी आला की तोडते. मागं कोकरू असतंच. मागं कोकरू नाही, हे हाताला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

काकांचा चेहरा उतरला. पाहुणे म्हणून आलो आणि देवाचं झाड मोडलं! मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर आत्याबाई स्वतःच देवाच्या घुमटीपाशी गेल्या. डहाळी पुढं ठेवली आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "देवा, ह्या हातास्नी वळण लागलंय. रागावू नगंस. सोबत कोकरू न्हाय माझ्या, पाला म्याच खाल्ला समज."

काका आधी हसले नाहीत. मग हसले. "आजी, देवानं ऐकलं. आता हात पदरात ठेवा."

घरी आलो तर काकी अंगणात उभ्या राहून ओरडत होत्या. माकडांची टोळी छपरावरून गेली होती, मधल्या खोलीवरची पाच कौलं फुटली होती. "अवो, शिडी खय आसा?" काका शिडी शोधत परसात गेले. कोपऱ्यात जादा कौलांचा ढीग होता. काका वर चढले, हे शिडी धरून उभे राहिले. कौलं वर द्यायला कुणीतरी हवं होतं. मी पुढं व्हायच्या आत आत्याबाईंनी ढिगातलं एक कौल उचललं.

उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या. एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. नुकतं जन्मलेलं कोकरू तोलतात तसं तोललं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"काय एवढंच, आजी?" वरून काका.

"वर एवढंच हाय? ह्याच्यावर माती न्हाय?"

"माती कशाला? कौलं, खाली रिपा, खाली वासे. झालं. दर उन्हाळ्यात सगळी कौलं उतरवतो, झाडतो, फुटकी काढतो आणि परत घालतो. घर शाकारणं म्हणतो आम्ही त्याला."

"दरसाल उतरवता?"

"दरसाल."

आत्याबाई कौल घेऊन शिडीशेजारी पडवीच्या पायरीवर बसल्या. तिथं बसून, कुणाकडंही न बघता, बोलायला लागल्या.

"आमचं माळवद हुतं. लाकडावर फळ्या आन् वर पांढरी माती. गळाय लागलं की मिरगाच्या आदी नवी माती टाकायची. म्या नवरी हून आले तवापासून म्याच टाकायची. पाटी डोक्यावर घिऊन वर चढायची, पसरायची, चोपायची. जुनी काढावी हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. माझ्या सासूनं टाकलेली, तिच्या सासूनं टाकलेली, समदी वरच. त्या सालीबी टाकली. जरा जास्तच टाकली. शकू निजायची तितंच ठिपकत हुतं."

हे शिडी धरूनच होते. आईच्या तोंडून हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तीस वर्षं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं, तिला दगडाची भीती आहे.

हे कसेबसे म्हणाले, "माय, समद्यांच्याच घरावर हुती की माती."

"समद्यांची समद्यांनी टाकली," आत्याबाई म्हणाल्या. "आपली म्या."

काकी पायरीवर त्यांच्या शेजारी टेकल्या. वरून काकांनी हात खाली केला.

"आजी, द्या ते."

आत्याबाई उठल्या आणि कौल दिलं. मग दुसरं. पाचही कौलं त्यांनीच दिली, मला हात लावू दिला नाही. शेवटचं बसल्यावर त्या घरात शिरल्या. सरळ मधल्या खोलीत जाऊन, कमरेवर हात ठेवून, वर बघत राहिल्या. कौलांच्या फटीतून उन्हाचे दोन कवडसे खाली आले होते. "आभाळ दिसतंय," असं म्हणून बाहेर आल्या. त्या रात्रीही निजल्या पडवीतच. माझी लबाडी मला आता नको झाली होती. सवय लावायला निघाले होते मी. जणू ती दाव्याला बांधलेल्या कोकराला वळण लावायची गोष्ट होती.

निघायचा दिवस

आमची गाडी अडीचला, वाडीच्या फाट्यावर. चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागणार, आणि ह्यांची सुट्टी संपत आलेली. मी सकाळपासून पिशव्या तीनदा बांधल्या आणि तीनदा सोडल्या. काकींनी कोकम, नारळ आणि कुळथाचं पीठ बांधून दिलं. मी नको नको म्हणत होते. "नेवा गो," त्या दरडावून म्हणाल्या.

जेवणं झाली. दोन वाजायला आले. मी आत्याबाईंना हाक मारायला पडवीत गेले तर पडवी रिकामी. अंगणात नाहीत. विहिरीवर नाहीत. कठड्यावरून आत वाकून बघितलं, इतकी मी घाबरले होते. हे समुद्राच्या वाटेनं पळत गेले. मी घरात शिरले, काकींना सांगायला.

मधल्या खोलीत आत्याबाई निजल्या होत्या. उघड्या जमिनीवर, कुशीवर, हाताची उशी करून. पाठ चिऱ्याच्या भिंतीला टेकलेली. तोंड जरासं उघडं. बारीक घोरत होत्या.

हे परत आले तेव्हा मी दारातच ओठांवर बोट ठेवून उभी होते. ह्यांनी आत बघितलं. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. आईला घरात निजलेलं ह्यांनी शेवटचं बघितलं, तेव्हा हे दहा वर्षांचे होते.

"अडीचची गाडी," हे कुजबुजले.

"उठवू का?"

हे उंबऱ्याबाहेर भुईवर बसले. मीही बसले. काकी स्वयंपाकघरातून आल्या, आमच्याकडं बघितलं, आत बघितलं, आणि हातातलं भांडं आवाज न करता खाली ठेवून परत गेल्या. फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा एकदा. मी पिशव्यांना हात लावला नाही. पुढची चढण ओलांडेपर्यंत गाडीचा आवाज ऐकू येत होता.

आत्याबाई उठल्या तेव्हा कवडसे भिंतीवर चढले होते. उठून बसल्या, डोळे चोळले, आम्हा दोघांना दारात बसलेलं बघितलं.

"किती वाजले?"

"साडेचार," मी म्हटलं.

"आन् गाडी?"

"गेली."

"गेली! आन् तुमी दोगं दारात बसून काय राखण करताव का माझी? उठवाय हात झडले हुते व्हय?" ह्यांना म्हणाल्या, "तुझ्या सायबाला काय सांगशील आता?"

"सांगंन, माय निजली हुती."

आत्याबाईंनी पदर सारखा केला. मान वर करून कौलांकडं बघितलं, बराच वेळ. मग खोकल्या, आणि मला म्हणाल्या, "मग आता रातीचं हितंच की. पडवीत लई दव पडतंय, सुमे. माझं अंथरूण आत घाल."